ग्रहांचे फोटो काढायचेत: आठ इंची डॉब घ्यावी की पाच इंची मॅक?

ग्रहांचे फोटो काढायला शिकायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी दोन दुर्बिणींपाशी येऊन अडते. एक आठ इंची डॉब्सोनियन. ती साध्या लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची, मोटर वगैरे काही नाही. दुसरी पाच इंची, म्हणजे 127 मिमीची मॅक्सुटोव्ह, ग्रहाच्या मागे आपोआप सरकणाऱ्या गोटू माउंटवर. दुकानदार हमखास म्हणणार, 'फोटोग्राफी करायची ना, मग ट्रॅकिंग हवंच.' तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी हे शंभर टक्के खरं आहे. ग्रहांसाठी मात्र अर्धंच.

ग्रहाचा आपण एकच फोटो काढत नाही, व्हिडिओ घेतो. वरची हवा क्षणभर शांत असताना सापडलेल्या फ्रेम्स हजारोंतून वेचायच्या, ऑटोस्टॅकर्टमध्ये एकावर एक रचायच्या आणि मग रेजिस्टॅक्समध्ये त्यांना धार आणायची. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. गुरूसाठी एका फ्रेमचं एक्स्पोजर साधारण 10 मिलिसेकंद असतं. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह सेकंदाला 15 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो, म्हणजे एका फ्रेममध्ये फक्त 0.15. आठ इंची आरसा जास्तीत जास्त 0.57 आर्कसेकंदांपर्यंतचा तपशील वेगळा दाखवू शकतो. त्यामुळे मोटर नाही म्हणून फोटो हलला, असं होत नाही.

डॉबची खरी कटकट वेगळीच आहे. 1200 मिमी फोकल लेंथला दुप्पट बार्लो, म्हणजे फोकल लेंथ वाढवून चित्र मोठं करणारं भिंग, लावला की 2400 मिमी होतात. छोट्या प्लॅनेटरी कॅमेऱ्याच्या (ग्रहांच्या व्हिडिओसाठी दुर्बिणीला लावायचा कॅमेरा) साडेपाच मिमी रुंद सेन्सरवरून गुरू अर्ध्या मिनिटात पार होतो. म्हणून ग्रह चौकटीच्या किंचित बाहेर ठेवायचा, हात काढायचा, थरथर थांबू द्यायची आणि तो आत शिरला की रेकॉर्डिंग सुरू करायचं. पलीकडे गेला की पुन्हा ढकला. शिवाय तो कुठून कुठे जाईल याचा नेम नसल्याने पूर्ण फ्रेम घ्यावी लागते. 1080पी, सेकंदाला 100 फ्रेम्स, अर्धं मिनिट, म्हणजे एका फेरीची फाइल सहा जीबीच्या पुढे. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क इथे हात टेकते.

मॅकवर ग्रह जागच्या जागी असल्याने 640 बाय 480 ची खिडकी पुरते. दोन मिनिटांचा व्हिडिओ चार जीबीच्या आत बसतो. पण माझ्या मते ट्रॅकिंगचा सगळ्यात मोठा फायदा फोकसला होतो. फोकसरच्या चाकाला बोट लागलं की स्क्रीनवरचा गुरू जेलीसारखा थरथरतो आणि तो स्थिर होईपर्यंत डॉबमधून निम्मा वाटेला लागलेला असतो. मॅकवर पाच मिनिटं निवांत मागेपुढे करून बघता येतं. नवशिक्यांचे बहुतेक फोटो फोकसपायीच बिघडतात, त्यामुळे ही सोय किरकोळ नाही.

मग डॉब घ्यायचीच कशाला? चित्रासाठी. 2.9 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला तर 45 आर्कसेकंदांचा गुरू बार्लो लावलेल्या डॉबमध्ये 180 पिक्सेलचा येतो, बार्लोशिवायच्या मॅकमध्ये 113. मॅकला बार्लो लावून तो मोठा करता येतो, पण तपशील काही वाढत नाही. पाच इंचाची मर्यादा 0.91 आर्कसेकंदांवर येऊन थांबते. मॅकमधून दोन मुख्य पट्टे, लाल डाग, हवा चांगली असेल तर उपग्रहाची सावली आणि शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट मिळते. पट्ट्यांच्या आतली गुंतागुंत मात्र आठ इंचातच उलगडते. एक गंमत म्हणजे गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे जास्त बारकावे टिपणाऱ्या डॉबला सव्वादोन मिनिटांतच सगळं उरकावं लागतं. मॅकला जवळजवळ चार मिनिटं मिळतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: मोबाइल आयपीसला (आपण डोळा लावतो त्या भिंगाला) लावून सुरुवात जरूर करा, फक्त एक्स्पोजर लॉक करून कमी करा, नाहीतर गुरू पांढरा गोळा दिसेल. हातात डीएसएलआर असेल तर तो चंद्रासाठी ठेवा. त्याच्या मोठ्या सेन्सरवर ग्रह म्हणजे ठिपका.

आता जागेचा प्रश्न. डॉब 20 किलोच्या वर जाते आणि नळी सव्वा मीटरच्या आसपास. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर महिन्याभरात ती कपाटाच्या बाजूला उभी राहते आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. मॅकची नळी तीन-साडेतीन किलोची, बाल्कनीतही मावते. तिच्या पुढच्या काचेवर दव साचतं, तेवढी ड्यू शील्ड घ्या. डॉबचे आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, मॅकला ती भानगड जवळपास नाही. शहरातल्या उजेडाची चिंता दोघींनाही नको, ग्रहांना त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो दिवसभर तापलेल्या स्लॅबचा. तो मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. आणि तारे लखलख लुकलुकत असतील त्या रात्री खूश होऊ नका. किंचित धुरकट पण निश्चल आकाश ग्रहांसाठी जास्त चांगलं.

माझं मत विचाराल तर स्वतःची गच्ची किंवा अंगण असेल तर डॉब आणि सोबत प्लॅनेटरी कॅमेरा. मोटरचे पैसे वाचतात ते कॅमेऱ्यात घाला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि सोसायटीच्या गच्चीला कुलूप असेल तर बिनधास्त मॅक. ठरत नसेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला जा आणि जमलं तर दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी स्वतः हाताळून बघा.

मंगळाची हौस असेल तर मात्र डॉबकडे झुका. फेब्रुवारी 2027 मध्ये 10 तारखेच्या सुमारास गुरूची आणि 19 च्या सुमारास मंगळाची प्रतियुती आहे, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असेल; दोघेही सिंह तारकासमूहात. मंगळ तेव्हा जेमतेम 14 आर्कसेकंदांचा असेल, म्हणजे मॅकमध्ये 35 पिक्सेल. महाराष्ट्रातून दोघेही मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतील. नळी सरळ वर असताना डॉब बाजूला ढकलणं भलतंच अवघड जातं, गोटूच्या मोटरचीही तिथे धावपळ होते. म्हणून त्या दिवसांत रात्री साडेदहा-अकराच्या आतच शूटिंग उरका, नाहीतर दोननंतर पुन्हा वर चढा.