वीस लिटरची रेसिपी आणि पाचशे लिटरची टाकी

माझा आतेभाऊ चौदा वर्षं न्यू जर्सीत होता. परत आला तो एक जाडजूड वही घेऊन. तिच्यात बिअरच्या त्रेचाळीस रेसिपी आहेत, प्रत्येक गॅरेजमध्ये स्वतः करून पाहिलेली. चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "दादा, रेसिपी तयारच आहेत. आता फक्त जागा बघायची."

पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत मी आठ वर्षं काढली. हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. त्याच्यासाठी केलेली तुलना इथे मांडतोय, कारण अशी वही घेऊन फिरणारे बरेच जण आहेत.

आधी कायद्याचं, कारण पुढचे सगळे पर्याय त्यावर ठरतात. अमेरिकेत 1978 च्या कायद्यानंतर घरी बिअर करायला केंद्राची आडकाठी उरली नाही: एका माणसाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200. तरी मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं तयार व्हायला 2013 उजाडलं. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे. बाल्कनीतली वीस लिटरची बादलीही त्यातून सुटत नाही. म्हणजे न्यू जर्सीत त्यानं जे गॅरेजमध्ये केलं, ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये करता येणार नाही. चाचणी करायची ती परवाना मिळालेल्या जागेतच. आणि तिथे पोचेपर्यंत भाडं सुरू झालेलं असतं, टाक्या आलेल्या असतात, पैसे देणारे सासरे दर रविवारी फोन करत असतात.

अशा वेळी समोर तीन वाटा असतात. वहीतली रेसिपी पटीनं वाढवायची, सल्लागाराकडून तयार रेसिपी घ्यायची, किंवा मोठ्या टाकीवरच एक साधा पाया बसवून त्यातून फाटे काढायचे.

वही पटीनं वाढवणं

ही वाट सगळ्यांत स्वस्त वाटते आणि सगळ्यांत महाग पडते. माझंच सांगतो. एक पेल एल (एल म्हणजे साध्या तापमानाला लवकर आंबणारी बिअर, ही त्यातली फिकट) आम्ही 20 लिटरच्या चाचणी संचावर बसवली होती. छान जमली होती, दोन वेळा करून पाहिली. मग 500 लिटरच्या केटलसाठी, म्हणजे उकळायच्या भांड्यासाठी, सगळं गुणिले पंचवीस केलं. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) पंचवीस पट, हॉप्स (कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) पंचवीस पट. हिशेब बरोबर होता, बिअर चुकली.

पहिला घोळ मॉल्टचा. छोट्या भांड्यात आम्ही धान्यातली सत्तर टक्के साखर काढत होतो. मोठ्या मॅश टनमध्ये (धान्य गरम पाण्यात भिजवायच्या टाकीत) गाळणी चांगली, पाणी फिरवायची सोय चांगली, तिथे ब्याऐंशी टक्के निघाली. घनता मोजायला हायड्रोमीटर टाकला (साखर जास्त तेवढी घनता जास्त, साधं पाणी 1.000) तर 1.050 ऐवजी 1.058. आंबून ती 1.012 वर येते असं धरा. या दोन आकड्यांच्या फरकाला 131.25 नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. पाचच्या जागी सहा. एका टक्क्यानं काय होतं, असं कुणाला वाटेल. पण एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यावर आठपर्यंत स्ट्राँग. म्हणजे सौम्य बिअर करायला निघालो आणि रकाना बदलून बसलो. पाणी घालून उतरवावं तर 500 चे 580 लिटर होतात, आणि टाकीत तेवढी जागा नाही.

दुसरा घोळ हॉप्सचा. वीस लिटरचं भांडं तांब्याच्या कॉइलनं दहा मिनिटांत सत्तर अंशांखाली येतं. पाचशे लिटर वॉर्ट (आंबवण्याआधीचा गोड रस) मात्र व्हर्लपूलमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या गोल टाकीत, वीस मिनिटं फिरून बसतो आणि मग प्लेट कूलरमधून हळूहळू बाहेर पडतो, त्यात पाऊण तास जातो. शेवटचा थेंब निघेपर्यंत तो ऐंशी अंशांच्या वरच. आम्ही सुगंधासाठी शेवटी घातलेले हॉप्स तिथे तासभर काढ्यासारखे उकळत्याच्या जवळ बसून राहिले. सुगंध थोडाच आला, कडूपणा सगळा उतरला. पहिल्याच संध्याकाळी एका काकांनी ग्लास परत पाठवला. "कारल्याचा रस यापेक्षा बरा," असा निरोप होता. चूक काढायला जागा नव्हती, कारल्याचा रस मी पण प्यायलोय.

आतेभावाच्या वहीतल्या गव्हाच्या बिअरचं उलटं होणार आहे. बुटक्या बादलीत केळ्यासारखा वास भरपूर येतो, उंच टाकीत खालच्या यीस्टवर दाब पडतो आणि तोच वास दबतो. त्याला वाटेल यीस्ट बदललं. यीस्ट तेच असेल.

मग वहीचा उपयोग काय? चव कशी हवी, कोणते मॉल्ट एकत्र शोभतात, कोणतं यीस्ट आपल्याला आवडतं, हे वहीतून मिळतं. किलो आणि मिनिटं मात्र नव्यानं काढावी लागतात. माझं मत विचाराल तर त्रेचाळीसपैकी चार निवडा, बाकी कपाटात ठेवा.

सल्लागार

सल्लागार बहुधा तीन-चार तयार रेसिपी घेऊन येतो. एक गव्हाची, एक लागर (थंडीत सावकाश आंबणारी), एक काळी, एक हॉप्सवाली. पहिल्या ब्रूला, म्हणजे पहिल्या घाण्याला, उभा राहतो, टाक्या भरून देतो आणि जातो. उद्घाटनाला बिअर असते आणि ती पिण्यासारखी असते. ज्याला हॉटेल चालवता येतं पण वॉर्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी हा पर्याय खरोखर चांगला आहे. मी तो हसण्यावारी नेत नाही.

अडचण नंतर येते, आणि पुण्यात ती साधारण एप्रिलमध्ये येते. धरणाचं पाणी कमी झालं की टँकर येतो, टँकरमध्ये बोअरचं जड पाणी असतं. परवापर्यंत नीट लागणारी बिअर अचानक तुरट, खरबरीत लागायला लागते. पाण्यातले क्षार बिअर कशी घडवतात याची जगभर उदाहरणं आहेत. पिल्सनमधलं मृदू पाणी होतं म्हणून 1842 मध्ये तिथली सोनेरी लागर इतकी नाजूक उतरली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून तिथली कडू पेल एल गाजली. सल्लागाराची रेसिपी कोणत्या तरी एका पाण्यावर बसलेली असते, आणि ते पाणी बदललं की काय करायचं हे कागदावर लिहिलेलं नसतं. आरओ बसवून, वर मोजून जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड घालायचं, हे आम्ही दोन उन्हाळे खराब केल्यावर शिकलो.

तेव्हा सल्लागार घ्यायचा असेल तर पहिल्या एकाच ब्रूला नव्हे, निदान पाच-सहा ब्रूंना तो हजर राहील असा करार करा. त्यातला एक टँकरच्या पाण्यावर असू द्या. रेसिपीची मालकी कुणाची, हे लिहून घ्या. नाहीतर तीच बिअर दोन किलोमीटरवर वेगळ्या नावानं भेटते.

एक पाया, अनेक फाटे

मी आतेभावाला हीच वाट सुचवली. कल्पना साधी आहे. 500 लिटरचा एकच, साधा, फिकट वॉर्ट करायचा. त्यातला चारशे लिटर मोठ्या टाकीत नेहमीच्या यीस्टवर जातो आणि विकला जातो. उरलेला वीस-वीस लिटरच्या पाच केगमध्ये (छोट्या बंद पिंपांत) भरायचा. एकात गव्हाचं यीस्ट, एकात वेगळे हॉप्स, एकात आंबल्यानंतर कोकम, आणि असंच पुढे. खर्च एकाच ब्रूचा, उत्तरं सहा. शिवाय वॉर्ट तुमच्याच केटलचा, तुमच्याच पाण्याचा, म्हणून जे जमलं ते मोठं करताना गुणाकाराचा फटका कमी बसतो.

याच्या मर्यादाही आहेत. मॉल्टचं मिश्रण आणि मॅशचं तापमान यांची चाचणी अशी होत नाही, कारण सगळ्या केगचा पाया एकच. काळी स्टाउट यातून निघणार नाही. केग छोटा असल्यानं यीस्ट मोठ्या टाकीसारखं वागत नाही, हेही धरून चालावं. आणि फळांपासून जपून. हापूसचा रस घातला की त्यातली साखर यीस्टला मेजवानीच. आंबणं पुन्हा सुरू होतं, दाब चढतो, आणि शेवटी आंब्याची गोडी जाऊन नुसता आंबूस अंश उरतो. आमच्या एका केगचा दाब सोडायला झडप उघडली तर पिवळा फवारा थेट छताला. तो डाग अजून आहे. तेव्हापासून केगवर दाब आपोआप सोडणारी झडप बसवल्याशिवाय मी फळाला हात लावत नाही.

पहिल्यांदा कोणती बिअर

वाट ठरली तरी टाक्या मोजक्याच असतात. समजा चार आहेत. इथे गव्हाची, लागर आणि हॉप्सवाली आयपीए (इंडिया पेल एल) या तिघींत खरी ओढाताण होते.

गव्हाची बिअर सोळा दिवसांत टाकी मोकळी करते. नव्वद दिवसांत एका टाकीतून पाच ब्रू आरामात. हॉप्स अगदी थोडे, पाचशे लिटरला अर्धा किलो. गढूळच असायची म्हणून गाळायचं यंत्र लागत नाही. 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, आणि आज इथल्या गिऱ्हाइकाला गव्हाची बिअर समजावून सांगावी लागत नाही. तिची एकच कटकट म्हणजे गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त गहू घातला की मॅश अडकतो. रात्री अकरा वाजता लाकडी फळीनं तो चिकट लगदा ढवळत उभं राहणं हा ब्रुअरचा खरा दीक्षाविधी. इथे आपला राजस्थान-हरियाणाचा, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेला बार्ली कामाला येतो. परदेशी मॉल्टपुढे त्याला नाक मुरडतात, पण त्याला टरफल जास्त असतं, आणि तेच गाळणीचं काम करतं. मी बार्लीच्या वाट्यात थोडा तरी देशी घालतोच.

लागर मागणारे सर्वांत जास्त, आणि नव्या ब्रुअरनं सर्वांत शेवटी करावी ती हीच. चाळीस दिवस टाकी अडवते. नव्वद दिवसांत दोनच ब्रू. तिच्यात चूक लपायला जागा नसते. जरा घाई केली की लोण्याच्या पॉपकॉर्नचा वास येतो. आणि तिची तुलना होणार बाटलीतल्या स्वस्त लागरशी.

यावर एक तोड आहे. कोलोन शहरात एल यीस्टवर, पण थंड तापमानाला, लागरसारखी स्वच्छ बिअर करतात. कोल्श हे नाव युरोपात त्या शहराच्या परिसरापुरतं राखलेलं आहे, म्हणून आपण मुकाट्यानं ब्लाँड म्हणावं. पंधरा-सोळा अंशांना आंबवली तर तीन आठवड्यांत होते आणि "लागर आहे का?" विचारणारा बहुतेक वेळा त्यावर खूश होतो. तिला हलकं करायला आम्ही मॉल्टमध्ये पंधरा टक्के पोहे घालायचो. कच्चा तांदूळ वेगळा शिजवावा लागतो, त्यासाठी दुसरं भांडं लागतं. पोहे आधीच वाफवून कांडलेले, थेट मॅशमध्ये पडतात. ज्वारीच्या लाह्यांचंही तेच. हे बाहेरच्या सल्लागाराला सुचत नाही.

आयपीए आतेभावाच्या वहीतली लाडकी, अकरा प्रकार आहेत तिचे. तिला नुसते थंडपणी घालायचे हॉप्सच लिटरला आठ-दहा ग्रॅम, म्हणजे पाचशे लिटरला चार-पाच किलो. सगळे आयात केलेले. शिवाय हॉप्स बिअर पिऊन घेतात, तीस-चाळीस लिटर तळाशी गाळात जाते. आणि ती ताजीच विकली पाहिजे. महिनाभर राहिली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. करू नये असं नाही. मेन्यूवर एक असावी, पण केगमधून जमवलेली, आणि दोन आठवड्यांत संपेल एवढीच.

त्यामुळे त्याच्यासाठी काढलेला हिशेब असा: दोन टाक्या गव्हाला, एक ब्लाँडला, चौथी फाट्यांतून जे जमेल त्याला. लागर पहिल्या वर्षी नाही. भांडवल अगदी बेताचं असेल आणि हाताखाली शिकलेला माणूस नसेल तर सल्लागाराकडून फक्त गव्हाची घ्यावी, बाकी स्वतः करावं. यावर आतेभावाची कुरकुर अजून चालू आहे. अकरा आयपीएंपैकी निदान तीन तरी, असं त्याचं म्हणणं.

परवा तो मार्केट यार्डातून जाड पोह्यांचं तीस किलोचं पोतं घेऊन आला. जागेचा करार अजून व्हायचाय, म्हणून पोतं सध्या आत्याच्या स्वयंपाकघरात आहे. आत्यानं मला फोन करून हळूच विचारलं, "अरे, याचं कुठे लग्नाबिग्नाचं ठरलंय का?"