सीमाभागातल्या वकिलाने ओळख कुठे ठेवावी आणि कागद कुठे?

बेळगावातला वाटपाचा दावा एका राज्यात क्वचितच मावतो. घर इथल्या शहापुरात, शेती महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, एक बहीण गोव्यात दिलेली आणि आजोबांचं खरेदीखत मोडीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ मुळे मिळकतीचा काही भाग बेळगावच्या हद्दीत असला, की सगळ्या मिळकतीचा दावा इथे दाखल करता येतो. पण चंदगडचा सातबारा, जुने फेरफार आणि कुळाचा इतिहास काढायला पलीकडचा माणूस लागतोच. कायदेही वेगळे. कर्नाटकातल्या आपल्या खानापुरात कुळाचा वाद निघाला तर १ मार्च १९७४ च्या आधी जमीन कोण कसत होतं ते बघायचं. तोच वाद चंदगडात निघाला तर बोलणं १ एप्रिल १९५७ पासून, म्हणजे कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं त्या टिलर्स डेपासून, सुरू होतं. इथला वकील हुशार असला तरी पलीकडचे बारकावे त्याच्या बोटांवर असतीलच असं नाही, आणि पलीकडच्याला आपली पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा कन्नड उतारा, वाचता येत नाही.

म्हणून पलीकडच्या वकिलाशी जोडलं जाणं ही आपल्याकडे हौस नाही, रोजची गरज आहे. हे काम कोणत्या ॲपवर करावं, असं ज्युनियर मंडळी विचारतात. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, लिंक्डइन, गूगल ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आणि वकिलांची यादी दाखवणाऱ्या वेबसाइट्स ही नावं एका दमात घेतली जातात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. माणूस शोधणं, मसुदा मिळून लिहिणं आणि आपण कोण हे जगाला दिसणं, अशी ही तीन कामं. माझं मत आधीच सांगतो: ज्या ठिकाणी ओळखी ठेवता, त्याच ठिकाणी अशिलाचे कागद ठेवू नका.

आधी माणूस शोधणं. उद्या गडहिंग्लजला तारीख आहे आणि मुदत मागायला कुणीतरी उभं राहायला हवं, तर व्हॉट्सॲपला तोड नाही. एका ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य बसतात, म्हणजे तालुक्याची सगळी बार सहज मावते. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला नेटवर्क अर्धमेलं असतानाही साधा मजकूर जातो. रात्री अकराला विचारलं तरी कुणीतरी उत्तर देतं. त्याची दुसरी बाजू म्हणजे सुप्रभातची चित्रं, वाढदिवस आणि बारच्या निवडणुकीचा प्रचार. कामाचा निरोप त्यात दोन तासांत वाहून जातो.

टेलिग्रामवर ग्रुप दोन लाखांपर्यंत जातो, आपला फोन नंबर लपवता येतो आणि जुना मजकूर शोधणं सोपं पडतं. निकालांच्या प्रती किंवा दिवाणी न्यायाधीश परीक्षेचं साहित्य साठवायला ते चांगलं. पण तिथला नेहमीचा संवाद दोन्ही टोकांना कुलूपबंद, म्हणजे मधल्या कंपनीलाही वाचता न येणारा, नसतो; ती सोय फक्त सीक्रेट चॅटमध्ये आहे आणि सीक्रेट चॅट ग्रुपमध्ये चालत नाही. व्हॉट्सॲपवर ती मुळातच असते, बॅकअपला मात्र वेगळी चालू करावी लागते. म्हणून वाचनालय हवं तर टेलिग्राम, माणूस हवा तर व्हॉट्सॲप.

लिंक्डइनवर गडहिंग्लजचा वकील शोधायला बसलात तर निराशाच पदरी पडेल. तालुक्याच्या कोर्टात ज्यांचा हातखंडा आहे, त्यांतल्या बहुतेकांचं तिथे खातंच नसतं, किंवा सनद मिळाली त्या वर्षी उघडून विसरलेलं असतं. पण प्रश्न बंगळुरूतल्या कंपनीच्या लीगल विभागाचा असेल, पुण्याच्या बँकेच्या पॅनेलचा असेल किंवा लवादाचं काम करणाऱ्या मुंबईच्या फर्मचा असेल, तर चित्र उलटं होतं. तो वर्ग व्हॉट्सॲपच्या तालुका ग्रुपमध्ये कधीच येणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांची वसुलीची किंवा करारांची कामं करणाऱ्याला लिंक्डइनचा उपयोग आहे. नुसती दिवाणी आणि फौजदारी प्रॅक्टिस करणाऱ्याला फारसा नाही.

यात १८ ऑगस्ट २०२५ पासून एक मोठा फरक पडला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली आले. चंदगडच्या जमिनीचं अपील हायकोर्टात गेलं की पूर्वी मुंबईत ओळख लागायची. आता निपाणीच्या वकिलाला ती तासाभराच्या वाटेवर मिळते. आपल्या हायकोर्टाचं खंडपीठ धारवाडला, शेजाऱ्याचं कोल्हापूरला. दोन्हीकडचे मोजके विश्वासू लोक असलेला एक छोटा ग्रुप हजारभर सदस्यांच्या ग्रुपपेक्षा जास्त कामाचा, असं माझं ठाम मत आहे. त्याचा ॲडमिन जरा कडक असावा, एवढंच.

आता कागद. इथे व्हॉट्सॲपची सवय नडते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार अशिलाने आपल्याला सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. हीच तरतूद पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती. ग्रुपवर कैफियतीचं पहिलं पान टाकून ‘सर, हे बरोबर आहे का’ असं विचारताना समोरच्या बाजूचा ज्युनियर त्याच ग्रुपमध्ये आहे हे लक्षात राहत नाही. प्रश्न कायद्याचा विचारा, माणसांची नावं काढून. प्रकरण दाखल झालेलं असेल आणि नुसती तारीख बघायची असेल तर सोळा अक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा वेगळा क्रमांक, पाठवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि टप्पा फुकटात दिसतो.

पुराव्याचा फोटोही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, म्हणजे आलेली फाइल मूळ फाइल राहत नाही आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, बदलते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात तीच हॅश व्हॅल्यू लिहायची असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं तर फाइल जशीच्या तशी येते. टेलिग्रामवरही ‘फाइल’ म्हणूनच पाठवावं.

दोघांनी मिळून मसुदा लिहायचा तर खरी निवड गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांत आहे. गूगल १५ जीबी फुकट देतं, पण जीमेल आणि फोटो त्यातच धरून; वनड्राइव्हवर फुकट ५ जीबी. स्कॅन केलेल्या मिसली, म्हणजे प्रकरणांच्या फाइली, ठेवायच्या म्हटलं तर दोन्ही पुढे अपुरेच पडणार, पण सुरुवातीला गूगलवर बराच काळ भागतं. गूगल डॉक्समध्ये कोल्हापूरचा वकील सूचना म्हणून दुरुस्ती करतो, आपण ती मान्य करतो किंवा टाकून देतो, आणि कुणी कधी काय बदललं तेही मागे जाऊन बघता येतं. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेसने हेच होतं, फक्त दोघांनी एकच ऑनलाइन फाइल उघडायची शिस्त पाळली पाहिजे. नाहीतर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशी वंशावळ तयार होते.

सीमाभागातली खरी अडचण मात्र फॉन्टची. आपल्या कोर्टाबाहेरचा टायपिस्ट कन्नड अजून जुन्या नुडी फॉन्टमध्ये टाइप करतो आणि मराठी श्रीलिपीत. तो मसुदा गूगल डॉक्समध्ये उघडला की नुसती गिचमिड दिसते, आणि पलीकडच्या वकिलाच्या फोनवरही तेच. इथे कोर्टाचं काम कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आणि पलीकडे तालुक्याला मराठीत, त्यामुळे एकाच वादाचे कागद तीन भाषांत फिरतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करणारा माणूस सापडेपर्यंत कोणतंही ॲप घेतलं तरी उपयोग शून्य. ज्यांचा टायपिस्ट बदलायला तयार नाही त्यांनी गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगवर मराठीत मजकूर बोलावा आणि मग तपासून घ्यावा. चुका होतात, पण निदान मजकूर सगळीकडे वाचता येतो. शेवटची प्रत मात्र वर्डमध्येच काढावी. समास आणि पानांचे आकडे तिथे जागेवर राहतात. गूगलमधून छापताना ते सरकतात.

लिंक देताना ‘ज्याच्याकडे लिंक आहे तो कुणीही’ हा पर्याय निवडू नका. समोरच्याचा ईमेल टाकून त्यालाच परवानगी द्या आणि काम संपलं की ती काढून घ्या. फोल्डर ज्युनियरच्या नाही तर ऑफिसच्या खात्यावर असावा. ज्युनियर स्वतःची प्रॅक्टिस सुरू करतो ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याच्याबरोबर मिसली जायला नकोत.

पैसे देऊन घ्यायची केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर मी या तुलनेत धरत नाही. एक खोली, एक ज्युनियर, एक कारकून असं ऑफिस असेल तर ई-कोर्ट्सचं ॲप आणि कागदी डायरी पुरते.

तिसरं काम दिसण्याचं, आणि तिथे आधी नियम येतो, ॲप नंतर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, काम मागता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं द्यायला मुभा मिळाली. लिंक्डइनचं प्रोफाइल त्याच चौकटीत ठेवलं तर ते व्हिजिटिंग कार्डासारखं राहतं. ‘आज अशिलाला जामीन मिळवून दिला’ अशी पोस्ट किंवा अशिलांकडून मागून घेतलेली शिफारस मात्र त्या चौकटीबाहेर जाते. एखाद्या नव्या निकालावर चार ओळींचं नीट टिपण लिहिलंत तर बंगळुरूचा लीगल मॅनेजर ते वाचतो, आणि नियमही मोडत नाही.

वकिलांच्या याद्या, तारे आणि दर दाखवणाऱ्या वेबसाइट्सबद्दल मी सरळ नको म्हणेन. ३ जुलै २०२४ ला मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवर काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्याचे निर्देश बार कौन्सिलला दिले. क्विकर, सुलेखा आणि जस्टडायल ही नावं त्या प्रकरणात होती. शिवाय वकील नसलेल्या व्यक्तीबरोबर फी वाटून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. मग दर अशिलामागे टक्केवारी घेणारी कंपनी आपल्याला कशात ओढते ते ओळखा. यादीत नुसतं नाव-पत्ता असेल तर निराळं, पण ‘प्रीमियम’ होण्यासाठी फोन आला की तो तिथेच ठेवावा.

नुकतीच सनद घेऊन सीनियरकडे बसणाऱ्याने व्हॉट्सॲपच्या एका चांगल्या ग्रुपमध्ये राहावं आणि युनिकोड शिकावं. लिंक्डइन एखाद्या रविवारी उघडून ठेवलं तरी चालेल. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात दोन्हीकडच्या जमिनींची कामं करणाऱ्याने वेळ आणि पैसे दोन्ही गूगल ड्राइव्हच्या शिस्तीवर घालावेत. बेळगाव शहरात कंपन्यांची कामं हवी असतील तर आधी लिंक्डइन, आणि कंपन्या वर्डच पाठवत असल्यामुळे ड्राइव्हऐवजी मायक्रोसॉफ्ट. कारवारच्या बाजूला गोव्याशी संबंध जास्त असणाऱ्यांनाही निपाणीवाल्यांचाच हिशेब लागू, फक्त ओळख कोल्हापूरऐवजी पणजीत हवी.

मोडीचं काम यांतल्या कशावरच नीट होत नाही. १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने दस्त मराठीत आणि त्यांतले बरेच मोडीत आहेत. ग्रुपवर फोटो टाकला तर वाचून दाखवणारे दोघंतिघं निघतात. पण समोरच्याने वाचनावर हरकत घेतली की लिप्यंतर करणाऱ्याला साक्षीला उभं करावं लागतं. तो त्याला तयार आहे का, आणि उलटतपासणीत टिकेल का, हे त्याला समोर बसवून, मूळ दस्त त्याच्या हातात देऊनच बघावं लागतं.