नेदरलँड्स: 27 एप्रिल गाठायचा की 4-5 मे?

ट्युलिप बघायला येतोय, तिकीट कधीचं काढू, असं मार्चमध्ये कोणीतरी विचारतंच, आणि मी उलट विचारते, सोबत आई-बाबा आहेत का?

27 एप्रिल म्हणजे किंग्ज डे, राजा विलेम-अलेक्झांडरचा वाढदिवस (रविवारी आला तर 26लाच उरकतात). आख्खं ॲमस्टरडॅम नारिंगी, कालव्यांत बोटीला बोट चिकटलेली, आणि फुटपाथवर जो तो घरातलं जुनं सामान विकायला बसलेला, त्या दिवशी त्याला परवाना लागत नाही. मला सगळ्यात आवडतं ते वोंडेलपार्क, तिथे पोरं स्वतःची खेळणी विकतात, एखादी व्हायोलिन वाजवत समोर डबा ठेवते, भाव करायला गेलात तर तीच तुम्हाला गुंडाळते! पण सेंटरमध्ये ट्राम बंद, चाला. बायकांसाठी टॉयलेट शोधणं हे वेगळंच काम, कोणीतरी घराच्या दारावर युरोचा रेट लावून बसलेलं असतं. इथले लोक एकमेकांना टिकी नावाच्या ॲपने पैसे पाठवतात, त्याला डच बँक खातं लागतं, म्हणून सुट्टी नाणी हवीतच. आई-बाबा असतील तर युट्रेक्ट बघा, तिथला बाजार 26च्या संध्याकाळीच सुरू होतो आणि रात्रभर चालतो, जेवून निवांत चक्कर मारता येते.

4 मे अगदी उलटा. झेंडे अर्ध्यावर, रात्री 8 वाजता युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता. डाम चौकात राजा-राणी पुष्पचक्र वाहतात पण मी गल्लीतल्या छोट्या स्मारकापाशी जाते, ट्राम थांबते, सायकलवाले उतरून उभे राहतात, कोणी कोणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी 5 मे, 1945 साली जर्मन ताब्यातून सुटल्याचा दिवस, 14 ठिकाणी फुकट म्युझिक फेस्टिव्हल. त्यातलं वाखेनिंगेन खास, जर्मन शरणागतीची बोलणी तिथल्या हॉटेलात झाली होती. दुकानं बहुतेक उघडी, कारण बऱ्याच जणांना या दिवशी पगारी सुट्टी पाच वर्षांतून एकदाच मिळते.

तोटा एकच, मेपर्यंत शेतातल्या बऱ्याच ट्युलिपची मुंडकी शेतकऱ्यांनी छाटलेली असतात (कंद पोसावा म्हणून), क्यूकेनहॉफ ही ट्युलिपची मोठी बाग मात्र साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालू असतं.

मित्रमैत्रिणींसोबत येत असाल तर डोळे मिटून 27 एप्रिल. बाकीच्यांना मी मे सांगते. आणि 27लाच यायचं असेल तर हॉटेल हार्लेमला घ्या, सकाळी लवकरची ट्रेन पकडा, दुपारनंतर ॲमस्टरडॅम स्टेशनात शिरायलाही रांग लागू शकते.