टोकनचे पैसे एजंटच्या खात्यावर भरू नका

भांडुपला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वन बीएचके बघायला गेलो होतो. एजंट म्हणाला, "काका, चौथ्या मजल्याचा आज जाईल, टोकन टाकून ठेवा." दीड लाख मी त्याच्या स्वतःच्या खात्यावर पाठवले, पन्नास हजार रोख हातात दिले. पावती त्याच्याच लेटरहेडवर, तीही दीड लाखांचीच. तिच्यावर महारेराचा (घरबांधणी प्रकल्प आणि एजंट यांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक छापलेला, म्हणून मी निर्धास्त. महिन्याने बिल्डरच्या ऑफिसात गेलो, तर माझ्या नावाचं बुकिंगच नव्हतं आणि तो फ्लॅट कधीच विकला गेला होता.

महारेराच्या वेबसाइटवर एजंटचा क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मी ते पैसे दिल्यानंतर केलं. क्रमांक खरा होता, पण मुदत संपलेली. ही नोंदणी पाच वर्षांचीच असते.

मग महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली, 5,000 रुपये फी भरून. मला वाटायचं, आता कुणीतरी अधिकारी चौकशीला निघेल, त्या एजंटला गाठेल. तसं काही होत नाही. तक्रारीची प्रत त्याला जाते, तो उत्तर देतो, सुनावणीची तारीख लागते, आणि जे कागद आपण जोडलेत त्यांवरच सगळं चालतं. माझ्याकडे बँकेचं स्टेटमेंट होतं, पावती होती, "बुकिंग कन्फर्म" असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. नोंदणीशिवाय व्यवहार करणाऱ्या एजंटला कायद्याने दिवसाला 10,000 रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. सुनावणी जवळ आली तसा त्याचा सूर बदलला, आणि दीड लाख त्याने दोन हप्त्यांत परत केले.

आमच्या चाळीतल्या एका ताईंची गोष्ट वेगळी. त्यांना जुन्या सोसायटीतल्या भाड्याच्या खोलीसाठी डिपॉझिट घेऊन फसवलं. असा व्यवहार महारेराकडे येत नाही. त्यांना पोलीस ठाण्यातच खेटे घालावे लागताहेत.

रोख पन्नास हजारांबद्दल तो शेवटपर्यंत "मी घेतलेच नाहीत" म्हणत राहिला. साक्षीदार नाही, चिठ्ठी नाही, फोनवर एक ओळसुद्धा नाही. ते पैसे माझ्या बायकोच्या भिशीचे होते.