मोरजीच्या वाऱ्यासाठी घेतलेला ट्विन-टिप: दहा महिने वापरल्यावर

गेल्या नोव्हेंबरात १३९ बाय ४२ सेंटिमीटर मापाचा ट्विन-टिप घेतला, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला काईटसर्फिंगचा बोर्ड. तेव्हापासून ऑगस्टअखेरपर्यंत त्यावर ४१ दिवस काढले. २७ गोव्यात मोरजीला, ८ रामेश्वरमला आणि ६ श्रीलंकेत कल्पिटियाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकतर दोन तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे मला बोलायचंय ते मापांबद्दल आणि घडणीबद्दल. जवळपास हीच मापं बऱ्याच कंपन्यांकडे मिळतात.

आधीचा बोर्ड १३२ बाय ३९. फ्रीस्टाइलचा, कडक, सेकंडहँड. माझं वजन ७८ किलो. गणित बसणारच नव्हतं, पण ते कळायला दोन सीझन गेले. मोरजीचा वारा म्हणजे शाळेच्या भूगोलातला खारा वारा. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून सुरू होतो, सूर्य कलला की गळपटतो. फेब्रुवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात भरवशाचा, पण भरवशाचा म्हणजे बारा-चौदा नॉट. सोळा आले की किनाऱ्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. अशा वाऱ्यात १४ चौरस मीटरचा काईट, म्हणजे आपल्याला ओढणारा पतंग, लावूनही जुना बोर्ड पाण्यावर येण्याऐवजी नांगरासारखा पाणी कापत राहायचा. काईट वर-खाली फिरवून हात भरून यायचे, आणि एवढं करून दर फेरीला वाऱ्याच्या दिशेने खाली वाहत जायचो ते जायचोच. मग काईट डोक्यावर धरून, बोर्ड काखेत मारून, तापलेल्या वाळूतून अर्धा किलोमीटर चालत परत. एका दुपारी अशा तीन पायपिटी झाल्या. तिसऱ्या वेळी शॅकवाल्याने न मागता लिंबूसोडा पुढे केला. नवा बोर्ड घ्यायचं त्या सोड्यावर ठरलं.

कंपन्यांच्या मापांच्या तक्त्यात ७८ किलोला १३६ किंवा १३७ सांगतात. हे तक्ते स्पेनमधल्या टारिफा आणि केप टाउनच्या वाऱ्यात वाढलेल्या लोकांनी केले असावेत असा माझा दाट संशय आहे. तिथे वीस नॉट म्हणजे रोजचं वरणभात. आपल्याकडे वीस नॉट म्हणजे सणावारचं पक्वान्न, आणि पक्वान्नाच्या हिशोबाने रोजचं ताट कोणी विकत घेत नाही. म्हणून मी वर्षातल्या सगळ्यात जास्त दिवसांचा वारा धरला आणि लांबीपेक्षा रुंदीकडे बघितलं. हलक्या वाऱ्यात बोर्ड उचलतो तो मुख्यतः रुंदीमुळे आणि सपाटपणामुळे.

सपाटपणा म्हणजे रॉकर. बोर्ड फरशीवर ठेवला की मधला भाग टेकतो आणि टोकं वर राहतात, ती किती वर राहतात तेवढा रॉकर. घरी फूटपट्टीने मोजला. जुन्याचा जेमतेम पाच सेंटिमीटर, नव्याचा साडेतीन. ऐकायला दीड सेंटिमीटर काहीच नाही. पाण्यावर तो पूर्ण वेगळा बोर्ड आहे. जास्त वाकलेला बोर्ड लाटेवर मऊ चालतो, उडी मारून उतरताना झेलतो, पण समोरचं पाणी ढकलत राहतो. सपाट बोर्ड लवकर पाण्यावर येतो, वाऱ्यावर चढतो, आणि त्याची किंमत खडबडीत पाण्यात गुडघ्यांकडून वसूल करतो.

१६० बाय ४५ चा ‘दरवाजा’ही डोक्यात होता. दहा नॉटमध्येही चालतो म्हणतात, चालतही असेल. पण फुटत्या लाटांतून तो बाहेर काढायचा म्हणजे कपाट घेऊन जिना चढण्यासारखं. शिवाय पुणे-गोवा स्लीपरच्या डिकीत १३९ ची बॅगच ड्रायव्हरच्या मेहेरबानीने बसते. फॉइलचा, म्हणजे खाली खांबावर पंख लावलेल्या बोर्डचा, विचारही झाला. पण मोरजीला नदीच्या मुखाजवळ वाळूचे पट्टे सरकत असतात, आणि ओहोटीला फॉइलचा खांब कधी रुतेल याचा नेम नाही.

पहिला दिवस डिसेंबरातला. १२ चा काईट, वारा तेरा नॉटच्या आसपास. बोर्डने दुसऱ्याच झटक्यात पाणी सोडलं. इतक्या लवकर की तयारीत नसल्याने मीच मागे पडलो. दुपार संपता संपता, आयुष्यात पहिल्यांदा, जिथून उतरलो होतो त्याच्याही वर जाऊन बाहेर आलो. त्या दिवशी सोडा विकतच घेतला.

लाटांचा अनुभव मात्र सरळ नाही. मोरजीला वारा किनाऱ्याकडे तिरका येतो, त्यामुळे बाहेर पडताना गुडघ्याएवढ्या, कधी कमरेएवढ्या फुटत्या लाटा अंगावर घेत जावं लागतं. इथे रुंद बोर्ड देवासारखा. लाटेने वेग मारला तरी मागच्या सपाट पाण्यात तो पुन्हा लगेच उचलतो. जुना तिथेच बुडायचा. त्रास परतताना. लाटेच्या उतारावरून किनाऱ्याकडे येताना सपाट बोर्डचं टोक सरळ पाण्यात खुपसतं. जानेवारीत दोनदा असा तोंडावर आपटलो की नाकात अख्खी अरबी समुद्राची चव राहिली. उपाय एवढाच, उतारावर वजन मागच्या पायावर आणि बोर्ड लाटेला तिरका. सवय व्हायला महिना लागला. तुमचा भर लाटांवर खेळण्यावर असेल तर चार-साडेचार सेंटिमीटर रॉकरचा घ्या आणि हलक्या वाऱ्याचे दोन-चार दिवस सोडून द्या.

पावसाळ्यात गोवा बंद, म्हणून जूनमध्ये रामेश्वरम. नैऋत्येचा वारा, बेटाच्या उत्तर बाजूला सपाट पाणी, रोज सतरा-अठरा नॉट. इथे तक्रारीला जागाच नाही. आठही दिवस बोर्ड बदलायचा विचार मनात आला नाही. पाणी उथळ असल्याने बोर्डखालचे ४५ मिलिमीटरचे फिन (छोटे पंख) दोनदा तळाला घासले, तेवढंच.

कल्पिटियाला मात्र बोर्डने हात टेकले. ऑगस्ट, बावीस-पंचवीस नॉट, ९ चा काईट. खाडीच्या आतल्या चकचकीत पाण्यावर ठीक, पण समुद्राकडे गेलो आणि छोट्या उभ्या लाटा लागल्या की बोर्ड पत्र्यासारखा थडाथड वाजायला लागला. वेग वाढला की ४२ ची रुंदी काठावर दाबून धरणं अवघड. टाचांवर सगळं वजन देऊनही तो निसटू बघतो, आणि टाचेच्या काठाचं पाणी उडून थेट डोळ्यात. तिसऱ्या दिवशी मित्राचा १३५ बाय ४० तासभर मागून घेतला. गुडघे लगेच गप्प झाले. माझ्या बोर्डमध्ये पावलोनिया लाकडाचा गाभा आणि वर कार्बन आहे, म्हणून तो इतका कडक. पुन्हा घेताना हाच आकार घेईन, पण साध्या काचतंतूचा. थोडा लवचीक, थोडा जड आणि बराच स्वस्त. कार्बनचे जादा पैसे हलक्या वाऱ्यात वसूल होतील हा माझा भ्रम होता. तिथे काम रुंदी करते, कार्बन नाही.

आता तक्रारी. पहिली, पायाखालचे पॅड आणि पाय अडकवायचे स्ट्रॅप बोर्डसोबत येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात, आणि हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. खोकं उघडल्यावर नुसती फळी बघून बायको म्हणाली, “एवढ्या पैशांत इस्त्रीचं टेबल?”

दुसरी, स्क्रू. फिनचे स्क्रू एम-६, म्हणे स्टेनलेस. चौथ्या महिन्यात दोघांवर गंज चढला. मार्चमध्ये एक सैल होऊन पडला आणि सोबत फिन समुद्रार्पण. सुटा फिन पिशवीत होता, स्क्रू नव्हता. गावातल्या बाईक मेकॅनिककडे गेलो. त्याने बोर्ड उलटासुलटा करून बघितला. “हें कितें?” मी सांगितलं. त्याने मान हलवून डब्यातून एम-६ बोल्ट काढला. आटे बरोबर बसले, पण लांबी दोन-तीन मिलिमीटर जास्त. मी उत्साहात पिळत गेलो आणि वरच्या बाजूला, नेमका बोल्टच्या वर, तांदळाएवढा फुगवटा आला. अजून अर्धा आटा फिरवला असता तर वरचा थर फुटून लाकडात खारं पाणी शिरलं असतं. मेकॅनिकने बोल्ट काढून ग्राइंडरवर टोक उडवलं आणि वीस रुपये घेतले. फुगवटा अजून आहे, बोटाला लागतो.

कंपनीला ईमेल केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधा. जवळचा विक्रेता दुसऱ्या देशात आहे. तेव्हापासून पिशवीत सहा जादा स्क्रू, तीन नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर आणि सायकलवाले वापरतात ते आटे धरून ठेवणारं निळं औषध असतं. प्रत्येक ट्रिपनंतर स्क्रू काढून गोड्या पाण्यात धुतो. नंतर एकही गंजला नाही.

मोरजीला जाणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि घरट्यांभोवती कुंपण असतं. काईट उतरवताना त्याच्यापासून लांब राहा, दोऱ्या तर अजिबात तिकडे पसरू नका.

जुना १३२ मेमध्ये विकायला काढला होता. दोघांनी चौकशीही केली, एकाने तर भाव पाडून झाला होता. कल्पिटियाहून परतलो त्या रात्री जाहिरात काढून टाकली आणि त्याला नवे पॅड मागवले.