मुलांसाठीचं तिरंगा किट: रंग मस्त, पण चक्राचे आरे मोजून घ्या

१५ ऑगस्टच्या आधी आठवडाभर ऑनलाइन मागवलं होतं, ३४९ रुपये, बॉक्सवर वय ६ ते १२ लिहिलंय. आत पांढरं कापड, रंगाच्या बाटल्या, चक्राचं स्टेन्सिल, लाकडी काठी आणि एक पातळशी पुस्तिका. रंग खरंच चांगले आहेत, पसरत नाहीत, केशरी वाळल्यावरही केशरीच राहतो. कापडावर आधीच आखून दिलंय आणि लांबी-उंची ३:२ अगदी बरोबर, धाकटीनं पट्टी लावून बघितलं, तिसरीत आहे, हल्ली सगळं मोजते.

मग ती चक्राकडे वळली. एकदा मोजलं, बावीस. परत मोजलं, बावीस. मला वाटलं हीच चुकतेय, म्हणून मी एका आऱ्यावर स्केचपेनची खूण करून मोजलं तरी बावीसच, आणि यांच्याच पुस्तिकेत मोठ्या अक्षरात २४ आरे छापलंय. अरे, झेंड्याचं किट विकताय ना? चॅटवर तक्रार केली तर लगेच दुसरा बॉक्स पाठवला, त्यातही बावीस.

पण माझा खरा राग पुस्तिकेवर आहे. "केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा" असं एका ओळीत उरकलंय. धाकटीची मैत्रीण जैन, लगेच प्रश्न आला की मग ती बाकीच्यांत का? आता हे अगदीच हवेतून आलेलं नाही, १९२१ ला बेझवाड्याला (आताचं विजयवाडा) पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना जो झेंडा दाखवला तो लाल-हिरवा होता आणि तेव्हा रंगांचा अर्थ असाच लावायचे, पांढरा पट्टा आणि चरखा गांधीजींनी सुचवला. पण त्यावरून कुरबुरी झाल्या आणि १९३१ ला काँग्रेसनं केशरी-पांढरा-हिरवा झेंडा घेतला तेव्हाच सांगून टाकलं की या रंगांना धर्माचा अर्थ नाही. २२ जुलै १९४७ ला घटना समितीत झेंडा मंजूर झाला, चरख्याच्या जागी सारनाथचं अशोकचक्र आलं, आणि त्याच दिवशी राधाकृष्णन यांनी अर्थ सांगितला तो केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याची वाट, हिरवा म्हणजे माती आणि झाडंझुडपं ज्यांच्यावर आपण सगळे जगतो. हे पोरांना पटकन कळतं हो, मी सांगितलं तर धाकटी म्हणाली मग हिरवा खालीच पाहिजे, माती खालीच असते ना.

एक पान मात्र झकास आहे, मादाम कामांचं. १९०७ ला जर्मनीत स्टुटगार्टला त्यांनी जो झेंडा फडकावला त्याचं मोठं रंगीत चित्र, हिरवा वर, लाल खाली, मधे वंदे मातरम्, कमळं, सूर्य, चंद्र. पोरी दहा मिनिटं त्याच पानावर होत्या. पण तो झेंडा पुढे गुजरातचे स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिक यांनी ब्रिटिशांना चुकवून भारतात आणला आणि आज तो आपल्या पुण्यात केसरीवाड्यात आहे हे लिहिलेलंच नाही! आम्ही राहतो सदाशिव पेठेत, चालत जाण्याएवढं अंतर. पुढच्याच रविवारी नेलं दोघींना.

आणि हो, वर भेट म्हणून प्लास्टिकचा छोटा झेंडा टाकलाय, तो नसता दिला तरी चाललं असतं, ध्वजसंहितेत प्लास्टिकचा झेंडा चालत नाही.

रंगांसाठी तीन स्टार, पुस्तिकेला एकही नाही. घ्यायचंच असेल तर स्टेन्सिल बाजूला ठेवा. मोठी सहावीत आहे, तिनं कंपासपेटीतला कोनमापक काढला, ३६० भागिले २४ म्हणजे १५, दर १५ अंशावर एक रेघ मारत गेली आणि चक्र तिनंच काढलं. धाकटीनं मोजलं. चोवीस भरले.