राजेंद्रनगरचा डबा: चव शुद्ध, मेनू अशुद्ध

इंदूरला राजेंद्रनगरात राहतो आम्ही. चार महिने झाले, गल्लीतल्याच एका काकूंचा डबा लावलाय. पोळ्या घडीच्या, मऊसूत, दुपारी दोनलाही वातड होत नाहीत. कटाची आमटी तर अशी, की सौ. म्हणाली, "आता मी कशाला करू?" भरल्या वांग्यात तेल मात्र जरा जास्तच.

खरी गंमत सकाळी आठला व्हॉट्सॲपवर येणाऱ्या मेनूची. "पूरणपोळी आणी आमटि." जन्मभर मुद्रितशोधन केलेला माणूस मी, राहवेना. ग्रुपवरच लिहिलं: 'पुरण'चा पु ऱ्हस्व, शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून 'आमटी', 'आणि' हा अपवाद, १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांतच आहे. चाळीस जणांच्या ग्रुपवर शुकशुकाट. दुसऱ्या दिवसापासून मेनू हिंदीत! 'पूरन पोली' वाचून भूकच मेली.

शेवटी डबा परत द्यायच्या निमित्ताने गेलो, माफी मागितली. काकू म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चुकीचं नाही बोलले, पण सगळ्यांसमोर कशाला?" ('बोललात' हवं होतं. गप्प बसलो.)

मेनू पुन्हा मराठीत येतो. कालची 'भाकरि' गरम होती, ठेच्यासकट. पाचपैकी चार तारे. एक कापला तो तेलापायी.